मोठ्यांची खरेदी, घरची पुंजी

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून ठेवलेली त्यांची एक मुदतठेव पूर्ण होत आली होती. एका रविवारी सकाळी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आला. मुलगा तिशीतला, संगणकाच्या क्षेत्रात चांगल्या नोकरीला. मी उमेदीची वर्षे बँकेत काढली, म्हणून पंच मी. मुलाचे म्हणणे असे की, सहा-सात टक्के व्याजात काय पडले आहे? त्यातली निम्मी रक्कम बिटकॉइनमध्ये घालू.

‘‘काका, पूर्वी मीसुद्धा घाबरत होतो. तेव्हा त्यात सगळे उपटसुंभ होते. आता जगातली सगळ्यात मोठी गुंतवणूक कंपनी घेतेय. अमेरिकेतले पेन्शन फंड घेताहेत. त्यांना काय अक्कल नाही?’’

बाई इतका वेळ गप्प होत्या. चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, ‘‘अरे, ते घेतात तेव्हा पेपरात येतं. विकतील तेव्हा आपल्याला कोण सांगणार?’’

कर्जाच्या असंख्य फायली माझ्या हाताखालून गेल्या, पण इतका नेमका प्रश्न फार थोड्यांनी विचारलेला आठवतो. हा लेख त्या प्रश्नाचेच लांबलेले उत्तर आहे.

मुलाच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही. बिटकॉइन जन्मले २००९ साली. पहिली दहा वर्षे त्याच्या वाटेला गेले ते बहुतांशी हौशे, नवशे आणि गवशे. मग चित्र पालटू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या तिजोरीतले २५ कोटी डॉलर काढून २१,४५४ बिटकॉइन घेतले. तिचे सहसंस्थापक मायकेल सेलर तेव्हापासून या चलनाचे जणू कीर्तनकारच झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये इलॉन मस्क यांच्या टेस्ला कंपनीने दीड अब्ज डॉलरची खरेदी जाहीर केली. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे आपल्या ‘सेबी’च्या तिकडच्या भावंडाने, प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या ११ फंडांना परवानगी दिली. ब्लॅकरॉक, फिडेलिटी अशी भारदस्त नावे या बाजारात आली. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव प्रथमच एक लाख डॉलरच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०२५ च्या प्रारंभी तो सव्वा लाखावर पोचला, आणि पुढच्या दीड महिन्यात एक तृतीयांशाहून अधिक उतरला.

हा चढउतार नवा नाही. नवे आहे ते त्याच्याभोवतीचे वलय. ‘मोठे लोक आले, म्हणजे आता धोका गेला’ असे समजणारा एक मोठा वर्ग तयार झाला आहे, आणि तो अडाणी मुळीच नाही. म्हणूनच ‘मोठ्यांनी घेतले’ या दोन शब्दांची फोड करून पाहणे गरजेचे वाटते.

लॉकरमधले दागिने

‘ब्लॅकरॉकने एवढे बिटकॉइन घेतले’ अशी बातमी येते. वाचणाऱ्याला वाटते, त्या कंपनीच्या धुरंधरांनी बैठक घेतली, आकडेमोड केली आणि स्वतःचा पैसा लावला. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्लॅकरॉक हा फंड चालवते. लोक त्या फंडाची युनिटे घेतात आणि त्यांच्या पैशांतून फंड बिटकॉइन घेतो. लोकांनी युनिटे विकली की फंडालाही बिटकॉइन विकावे लागतात. कंपनीला मिळते ते व्यवस्थापन शुल्क, वर्षाला पाव टक्का. भाव वर गेला काय किंवा खाली आला काय, शुल्क चालूच राहते.

बँकेच्या लॉकरमध्ये गावातल्या लोकांनी दागिने ठेवले म्हणून ‘बँकेने सोने घेतले’ असे आपण म्हणत नाही. बँक भाडे घेते, दागिने ज्याचे त्याचे. ब्लॅकरॉकची खरेदी बरीचशी याच जातीची आहे. त्या बातमीचा खरा अर्थ एवढाच, की आज युनिटे घेणारे पुष्कळ होते. म्हणजे ज्याला आपण हत्ती समजून मागे चाललो, तो बऱ्याच अंशी आपल्यासारख्याच माणसांचा घोळका निघतो.

आता त्या घोळक्यातले खरे हत्ती पाहू. मोठमोठे हेज फंड या युनिटांचे बडे खरेदीदार म्हणून यादीत दिसतात. त्यांतले कित्येक जण एक वेगळाच उद्योग करतात. एका हाताने फंडाची युनिटे घ्यायची, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने शिकागोच्या वायदे बाजारात तेवढेच बिटकॉइन पुढल्या महिन्याच्या चढ्या भावाने विकून ठेवायचे. खळ्यावर ज्वारी घेऊन त्याच संध्याकाळी ती पुढल्या महिन्याच्या सौद्याने विकून मोकळा होणारा व्यापारी डोळ्यांसमोर आणा. ज्वारी महागली काय किंवा स्वस्त झाली काय, दोन भावांमधला फरक त्याच्या खिशात. त्याने ज्वारी घेतली यावरून ‘ज्वारी महागणार असे त्याचे मत आहे’ असा निष्कर्ष काढणे वेडेपणाचे. पण त्याच्या वहीचे खरेदीचे पानच तेवढे आपल्याला दिसले, तर आपण नेमका तोच निष्कर्ष काढणार. अमेरिकेत मोठ्या गुंतवणूकदारांना जी तिमाही यादी जाहीर करावी लागते, तिच्यात त्यांनी बाळगलेली युनिटे दिसतात, वायद्यात केलेली विक्री दिसत नाही. दोन भावांतला फरक आटला की हे व्यापारी युनिटे विकून निघून जातात. बिटकॉइनच्या भवितव्याशी त्यांचे काही देणेघेणे नसते.

शिळी बातमी

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. विकतील तेव्हा आपल्याला कोण सांगणार?

वर उल्लेखलेली यादी तिमाही संपल्यानंतर ४५ दिवसांच्या आत द्यायची असते, आणि बहुतेक जण ती शेवटच्या दिवसांत देतात. म्हणजे जानेवारीत केलेला व्यवहार जगाला मेच्या मध्यावर कळू शकतो. याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या गुंतवणूक मंडळाचे आहे. सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणारी ही संस्था. तिने बिटकॉइन फंडांत पैसे घातल्याचे मे २०२४ मध्ये उघड झाले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला! सरकारी पेन्शनचा पैसा आला, आता आणखी कसले प्रमाणपत्र हवे? फेब्रुवारी २०२५ च्या मध्यावर पुढची यादी आली. मंडळाकडे आता ब्लॅकरॉकच्या फंडाची सुमारे ६० लाख युनिटे होती, किंमत ३२ कोटी डॉलर. पुन्हा जल्लोष. त्या सुमारास बिटकॉइन ९५ हजार डॉलरच्या वर होते. महिनाअखेरीस ते ८० हजारांच्या खाली डोकावून आले.

मे २०२५ मध्ये त्यानंतरची यादी आली. तिच्यात मंडळाची युनिटे होती शून्य. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच सगळी विकून झाली होती. म्हणजे ज्या तिमाहीत ‘मंडळाने खरेदी वाढवली’ ही बातमी वाचून कुणी आपले पैसे घातले असतील, त्याच तिमाहीत मंडळ बाहेर पडत होते. यात लबाडी कुणाचीच नाही. मंडळाने नियम पाळला, वार्ताहराने खरे तेच लिहिले. फक्त बातमी शिळी होती, आणि वाचणाऱ्याने ती ताजी म्हणून खाल्ली.

बातमी अगदी ताजी असली तरी काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२४ मधील परवानगीची वाट बाजार कित्येक महिने पाहत होता. ११ जानेवारीला हे फंड प्रत्यक्ष सुरू झाले तेव्हा भाव ४९ हजार डॉलरच्या जवळ जाऊन आला. पुढच्या दोन आठवड्यांत तो ३९ हजारांच्या खाली गेला. नंतर तो पुन्हा वर गेला हे खरे. पण मंगलाष्टका संपल्यावर मांडवात शिरणाऱ्याच्या वाट्याला पंगतीतले काय उरते, हे आपल्याला ठाऊक असते. बाजारात मात्र आपण ते विसरतो.

पैसा कोणाचा?

कर्जाचा अर्ज समोर आला की आम्हाला दोन गोष्टी पाहायला शिकवलेले असे. पैसा कोणाचा, आणि तो परत कशातून येणार? सेलर यांच्या कंपनीची गोष्ट या दोन प्रश्नांच्या चष्म्यातून वाचावी.

२०२५ मध्ये कंपनीने नाव बदलून नुसते ‘स्ट्रॅटेजी’ असे ठेवले. त्या वर्षअखेर तिच्याकडे साडेसहा लाखांहून अधिक बिटकॉइन होते. हे सगळे सॉफ्टवेअर विकून मिळालेल्या नफ्यातून आलेले नाहीत. कंपनी नवे शेअर काढते, रोखे विकते आणि आलेल्या पैशांतून बिटकॉइन घेते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने तीन अब्ज डॉलरचे परिवर्तनीय रोखे विकले. व्याजदर शून्य टक्के, परतफेड डिसेंबर २०२९ मध्ये. धनकोंनी शून्य व्याज का मान्य केले? कारण कंपनीच्या शेअरचा भाव ठरलेल्या पातळीच्या वर गेला, तर रोख्यांचे शेअर करून घेण्याची मुभा त्यांना आहे. त्यांचाही हिशेब पक्का आहे. पण ‘सेलर घेतात म्हणून मी घेतो’ म्हणणाऱ्याने स्वतःला एकच विचारावे: पाच वर्षे शून्य टक्क्याने मला कोण कर्ज देईल? कुणी वैयक्तिक कर्ज काढून किंवा घरातले दागिने गहाण ठेवून बिटकॉइन घेत असेल, तर तो सेलर यांचे अनुकरण करतो आहे असे म्हणता येणार नाही. वस्तू तीच आहे, पण पैसा निराळा आहे. त्याचा हप्ता पुढल्या महिन्याच्या पाच तारखेला आहे.

बिटकॉइनऐवजी या कंपनीचाच शेअर घेणारेही पुष्कळ निघाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीकडील बिटकॉइनची किंमत होती सुमारे ३२ अब्ज डॉलर, आणि शेअरच्या भावानुसार कंपनीचे मूल्य होत होते त्याच्या जवळजवळ तिप्पट. शंभराची नोट लोक तीनशे रुपयांना घेत होते. पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइनने नवा उच्चांक केला, पण कंपनीचा शेअर त्या दिवशीही आदल्या वर्षीच्या उच्चांकाच्या बराच खाली होता. अंदाज बरोबर ठरूनही पैसे गेले, अशी ही विचित्र गत. जपानमधील मेटाप्लॅनेट या मूळच्या हॉटेल व्यवसायातल्या कंपनीने २०२४ पासून हाच कित्ता गिरवला. जून २०२५ मधील उच्चांकानंतर वर्षअखेरीपर्यंत तिचा शेअर निम्म्याहूनही खाली आला.

माझ्या पिढीच्या वाचकांना इथे १९९२ आठवल्यावाचून राहणार नाही. ‘हर्षद मेहता घेतोय’ एवढ्या एका वाक्यावर तेव्हा चाळीतल्या, कॉलनीतल्या माणसांनी शेअर घेतले. एप्रिलच्या सुरुवातीला सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला आणि त्याच महिन्यात उघडकीला आले, की तो पैसा बँकांचा होता. सेलर यांचे व्यवहार उघड आणि तिथल्या कायद्याला धरून आहेत. ही तुलना त्यांच्याशी नाही. ती आहे आपल्याशी. घेणाऱ्याचे नाव ऐकून आपण तेव्हाही भारावलो, आणि पैसा कोणाचा हे विचारायला तेव्हाही विसरलो.

बडा घर, पोकळ वासा

‘पण काका, ते लोक एवढा अभ्यास करून घेतात,’ असे बाईंचा मुलगा म्हणाला. करतात. सिंगापूर सरकारच्या मालकीच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने एफटीएक्स या कूटचलन बाजाराची जवळजवळ आठ महिने छाननी केली आणि मग तिच्यात साडेसत्तावीस कोटी डॉलर घातले. कॅनडातील ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने साडेनऊ कोटी डॉलर घातले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. दोघांनीही ती सगळी रक्कम बुडीत खाती टाकली. ग्राहकांचा पैसा भलतीकडे वळवल्याबद्दल तिचा संस्थापक सॅम बँकमन-फ्राइड याला पुढे तुरुंगवास झाला.

अभ्यास फसला हा यातला एक धडा. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा. टेमासेकची बुडालेली रक्कम तिच्या एकूण गुंतवणुकीच्या किती होती? ०.०९ टक्के. ओंटारिओच्या शिक्षकांची ०.०५ टक्क्यांहूनही कमी. समजा, बाईंची सगळी पुंजी २० लाख रुपये आहे. तिचे ०.०९ टक्के म्हणजे १,८०० रुपये. टेमासेकने जेवढी जोखीम घेतली तेवढीच बाईंना घ्यायची असेल, तर त्यांनी १,८०० रुपये घालावेत आणि ते गेले तर एका महिन्याचा किराणा जपून भरावा. मुलगा मात्र निम्मी ठेव घालायला निघाला होता. आपल्याकडे म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या बाजारात पुढच्याला ठेच लागते, तो धूळ झटकून चालू लागतो, आणि मागचा मात्र तोंडावर आपटतो.

बाहेर पडायची वाट

मोठा माणूस बाहेर पडताना कसा पडतो, हे आपण आपल्याच घरात पाहिले आहे. युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ ही योजना १९६४ पासून मध्यमवर्गाच्या भरवशाची. जुलै २००१ मध्ये तिची युनिटे परत घेणे एकाएकी थांबवले गेले. त्याआधीच्या दोन महिन्यांत बड्या कंपन्यांनी आपली युनिटे मोडून पैसे काढून नेले होते. दार बंद झाले तेव्हा आत राहिले ते निवृत्त कारकून, विधवा आणि मुलीच्या लग्नासाठी युनिटे जपून ठेवणारे बाप.

बिटकॉइनच्या बाबतीत आपल्याकडे दारे आणखीच अरुंद आहेत. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय कूटचलन बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची, मालमत्ता चोरीला गेली. ग्राहकांची खाती गोठली. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. मधल्या काळात बिटकॉइन लाख डॉलरच्या पुढे गेले, पण तिथे अडकलेल्याला ते फक्त पडद्यावर पाहता येत होते. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. इथे तसले काही नाही.

करांचेही तसेच. एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर आपल्याकडे सरसकट ३० टक्के कर आहे, वर अधिभार वेगळा. एकात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का मुळात करकपात. आता सेलर यांच्या कंपनीने काय केले ते पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये भाव पडलेले असताना तिने ७०४ बिटकॉइन तोट्यात विकले आणि दोनच दिवसांनी ८१० परत घेतले. हेतू हा, की तो तोटा कागदावर दाखवून कर वाचवावा. तिथला कायदा ते करू देतो. इथल्या माणसाने तेच केले, तर तोटा त्याच्याच पदरात राहतो.

आणि मोठे लोक चुकतातही. टेस्लाने २०२२ च्या एप्रिल ते जून या काळात आपल्या बिटकॉइनपैकी तीन चतुर्थांश विकून ९३ कोटी ६० लाख डॉलर सोडवून घेतले. पुढल्या तीन वर्षांत भाव कितीतरी पटींनी वाढला. तिचे पाहून घेणारा एकदा फसला, तिचे पाहून विकणारा पुन्हा फसला. मोटारी विकणाऱ्या कंपनीचे त्यामुळे काही अडले नाही.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. २०२० साली ज्यांनी घेतले आणि धरून ठेवले, त्यांचे पैसे अनेक पटींनी वाढले. पण मध्ये त्यांनी काय सोसले तेही ऐका. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलर असलेला भाव वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला. लाखाचे २३ हजार. ज्याला त्या वर्षी मुलाची फी भरायची नव्हती, आईचे ऑपरेशन करायचे नव्हते, घराचा हप्ता चुकणार नव्हता, तोच ते पाहत बसू शकला. त्याला तारले ते त्याच्या मोकळ्या पैशाने. मोठ्यांचे अनुकरण करून काही तो तरला नाही. बिटकॉइनला व्याज नाही, लाभांश नाही, भाडे नाही. उद्या कुणी जास्त दिले, तर आणि तरच आपला फायदा. अशा वस्तूत वाट पाहता येणे हेच खरे भांडवल, आणि ते संस्थांकडे असते, मुदतठेवीवर घर चालवणाऱ्याकडे नसते.

म्हणून त्या रविवारी मी मुलाला एवढेच म्हणालो, की तुझ्या पगारातून, सगळे गेले तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेचे खुशाल घे. पण ते तुझ्या समजुतीने घे. ब्लॅकरॉकने घेतले म्हणून नको. ज्या दिवशी विकायचे तो दिवस तुझा तुलाच ठरवावा लागेल, कुणी तार पाठवणार नाही. आणि आईची ठेव ही गुंतवणूक समजू नकोस, तो तिचा पगार आहे.

बाईंनी ठेव आणखी एका वर्षासाठी वाढवून घेतली. मुलाने आपल्या पगारातून थोडे बिटकॉइन घेतले आहेत. भाव चढला की तो जिन्यात थांबून मला आकडा सांगतो. भाव उतरला की लिफ्टने जातो.